साथीचा तपास कसा करावा: आजारी किती, आणि कितींपैकी?

‘उलट्या-जुलाबाचे पन्नास रुग्ण आहेत’ असा निरोप आला की सगळ्यांचं लक्ष पन्नास या आकड्यावर जातं. तपास करणाऱ्याने मात्र आधी दोन गोष्टी विचाराव्यात: कितींपैकी पन्नास, आणि कधीपासून? साठ जणांच्या वसतिगृहात एका रात्रीत पन्नास जण आडवे होणं ही एक गोष्ट, आणि पन्नास हजार वस्तीच्या शहरात तीन आठवड्यांत पन्नास जणांना त्रास होणं ही अगदीच वेगळी. विषाणूंच्या साथींवरचे तपास फसतात ते बहुतेक वेळा प्रयोगशाळेत नव्हे, तर इथेच. आजारी माणसं मोजायला सगळे धावतात. जी आजारी पडली नाहीत त्यांच्या दारापर्यंत फार थोडे जातात, आणि उत्तर बरेचदा त्यांच्याकडेच असतं.

पुढची पद्धत आरोग्य कर्मचारी, साथरोगशास्त्राचे विद्यार्थी आणि एखाद्या संस्थेच्या आरोग्याची जबाबदारी असलेल्यांसाठी आहे. पायऱ्या एकामागून एक लिहिल्या असल्या तरी प्रत्यक्षात तीन-चार कामं एकाच वेळी चालतात. विशेषतः नमुने गोळा करणं आणि प्रसार रोखणं ही कामं विश्लेषण संपायची वाट पाहत नाहीत.

ही साथ आहे, की मोजणीतला फरक?

रुग्ण वाढले म्हणजे साथ आलीच असं नसतं. नवी चाचणी सुरू झाली, सुट्ट्यांमध्ये तुंबलेले अहवाल एकाच दिवशी भरले गेले, किंवा एखादी बातमी गाजली आणि एरवी घरीच बरे झाले असते असे लोकही तपासणीला आले, तर यातल्या कशानेही आकडा दुप्पट होऊ शकतो. म्हणून चालू आठवड्याची तुलना गेल्या आठवड्याशी करून थांबू नका. मागच्या तीन ते पाच वर्षांतल्या याच आठवड्यांचे आकडे काढा. शेजारी चाचण्यांची संख्या मांडा. चाचण्या १०० वरून ४०० झाल्या आणि पॉझिटिव्ह १० वरून ४० झाले, तर प्रमाण १० टक्क्यांवरच आहे. पण इथेही घाई नको. चाचण्या कशामुळे वाढल्या ते विचारा. आजारी माणसं वाढली म्हणून चाचण्या वाढल्या असतील, तर त्या स्थिर १० टक्क्यांच्या आड खरी साथ लपलेली असू शकते.

काही आजारांत ही तुलना करत बसायची नसते. पोलिओ, इबोला किंवा निपाहचा एक संशयित रुग्णही पुरेसा आहे. त्याच दिवशी आरोग्य यंत्रणेला कळवा, अभ्यासाचा आराखडा नंतर करा.

रुग्ण कुणाला म्हणायचं

तपास सुरू होतो तो व्याख्येपासून. तिच्यात चार गोष्टी हव्यात: लक्षणं, व्यक्ती, जागा आणि काळ. उदाहरणार्थ: ‘अमुक वसतिगृहात राहणारी किंवा काम करणारी व्यक्ती, जिला ५ ते १२ तारखेच्या दरम्यान २४ तासांत तीन किंवा अधिक पातळ जुलाब झाले, किंवा एकदा तरी उलटी झाली.’ मोजता येणार नाही असा शब्द व्याख्येत ठेवू नका. ‘अस्वस्थ वाटणं’ प्रत्येक जण वेगळ्या तऱ्हेने समजतो.

ज्या गोष्टीवर संशय आहे ती व्याख्येत घालणं ही नवशिक्यांची हमखास चूक. ‘रात्रीचं जेवण घेतलेली आणि उलटी झालेली व्यक्ती’ अशी व्याख्या केलीत, तर सगळ्या रुग्णांनी रात्रीचं जेवण घेतलेलं असणारच. जेवण दोषी आहे हे तुम्ही सिद्ध केलेलं नसतं, गृहीत धरलेलं असतं.

रुग्णांचे तीन स्तर ठेवा: संशयित, संभाव्य आणि निश्चित. लक्षणं जुळली तर संशयित. लक्षणं जुळली आणि निश्चित रुग्णाशी संबंध आला असेल तर संभाव्य. प्रयोगशाळेने शिक्कामोर्तब केलं तर निश्चित. हे स्तर वेगळे ठेवल्याने किती फरक पडतो ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या स्कॅजिट काउंटीतल्या गायनवृंदाच्या तपासात दिसलं. १० मार्च २०२० रोजी ६१ जण अडीच तासांच्या सरावाला जमले होते. त्यांतल्या एकाला आधीच लक्षणं होती. उरलेल्या ६० पैकी ३२ निश्चित आणि २० संभाव्य रुग्ण निघाले. फक्त निश्चित धरले तर ५३.३ टक्के, दोन्ही धरले तर ८६.७ टक्के. तपास करणाऱ्यांनी दोन्ही आकडे दिले, आणि लागण पसरवणाऱ्या पहिल्या व्यक्तीला छेदातून, म्हणजे ‘कितींपैकी’ या आकड्यातून, वगळलं. अहवाल असा लिहावा.

सुरुवातीला व्याख्या सैल ठेवा, म्हणजे कुणी निसटणार नाही. विश्लेषणाच्या वेळी ती घट्ट करा. मात्र मधेच बदललीत तर बदलाची तारीख नोंदवा आणि आधीच्या सगळ्या रुग्णांना नव्या व्याख्येतून पुन्हा गाळून घ्या. नाहीतर आलेखातली उडी साथीची आहे की तुमच्या लेखणीची, हे महिन्याभराने तुम्हालाही सांगता येणार नाही.

लाइन लिस्ट

लाइन लिस्ट म्हणजे सगळ्या रुग्णांची एकत्र यादी: एका ओळीत एक माणूस, एका रकान्यात एक गोष्ट. रकाने साधारण असे: सांकेतिक क्रमांक, वय, लिंग, राहण्याची जागा (खोली किंवा गल्लीपर्यंत), काम, लक्षणांची सुरुवात, प्रत्येक लक्षणासाठी स्वतंत्र रकाना, लसीच्या मात्रा आणि तारखा, नमुन्याची तारीख, नमुन्याचा प्रकार, निकाल, दाखल झाल्याची तारीख, शेवट (बरा, मृत्यू, अजून आजारी).

या यादीतला सगळ्यात मोलाचा रकाना म्हणजे लक्षणं सुरू झाल्याची तारीख, आणि सगळ्यात जास्त रिकामा राहणाराही तोच. दवाखान्यात आल्याची किंवा निकालाची तारीख त्या जागी भरू नका. माणूस तिसऱ्या दिवशी येतो, निकाल सहाव्या दिवशी लागतो, आणि रविवारी निकाल लागत नाहीत म्हणून सोमवारी उगाच शिखर दिसतं. तारीख आठवत नसेल तर आठवणीला आधार द्या: ‘सुट्टीच्या आधी की नंतर? कामावर शेवटचा दिवस कुठला?’ उलट्या-जुलाबाच्या साथीत तासही विचारा, कारण तिथे सगळं नाट्य ४८ तासांत संपतं.

बारीक वाटणाऱ्या पण नंतर छळणाऱ्या गोष्टी:

- ०३/०४ ही तारीख काही जण ३ एप्रिल वाचतात, काही ४ मार्च. महिना अक्षरात लिहा.
- वयोगट लिहू नका, वय लिहा. गट नंतर कसेही पाडता येतात. गटातून वय परत मिळत नाही.
- ‘नाही’, ‘माहीत नाही’ आणि ‘विचारलंच नाही’ या तीन वेगळ्या नोंदी आहेत. रिकामा चौकोन तिन्हींचा अर्थ देतो, म्हणजे कशाचाच देत नाही.
- नावं आणि फोन नंबर वेगळ्या, कुलूपबंद यादीत ठेवा. विश्लेषणाच्या फाइलमध्ये फक्त सांकेतिक क्रमांक.

नमुने: निकाल बिघडतो तो प्रयोगशाळेच्या बाहेर

श्वसनाच्या आजारात स्वॅब लक्षणं सुरू झाल्यापासून पहिल्या तीन-चार दिवसांत घ्यावा. स्वॅबचं टोक कृत्रिम धाग्याचं आणि दांडी प्लास्टिकची हवी. लाकडी दांडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचं टोक पीसीआरमध्ये (विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीत) अडथळा आणतात, मग विषाणू असूनही निकाल निगेटिव्ह येतो. स्वॅब लगेच व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात) बुडवा, दांडी खाचेवर मोडा आणि झाकण घट्ट लावा. २ ते ८ अंश सेल्सिअसला ७२ तासांच्या आत पोहोचवा. उशीर होणार असेल तर उणे ७० अंशांना गोठवा. घरगुती फ्रीजरमध्ये टाकणं आणि पुन्हा वितळवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. ड्राय आइस वापरलात तर खोका हवाबंद करू नका. वायू साठून तो फुटतो.

रक्त घेतल्यावर त्याची गुठळी होऊ द्या, सीरम (गुठळीवरचा पातळ द्रव) वेगळं करा आणि मगच ते फ्रीजरमध्ये गोठवा. अख्खं रक्त गोठवलं तर पेशी फुटतात आणि नमुना वाया जातो. लेबल नळीवर लावा, झाकणावर नाही. पाच झाकणं एकाच ट्रेवर उघडली की कुठलं कुणाचं ते सांगता येत नाही.

कोणती चाचणी कधी, हेही दिवसांवर ठरतं. डेंग्यूत पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी) किंवा पीसीआर, त्यानंतर आयजीएम (शरीराने नुकतीच तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी). गोवरात पुरळ उठल्यावर पहिल्या तीन दिवसांत आयजीएम निगेटिव्ह आलं तर गोवर नाही असं म्हणता येत नाही. रक्त पुन्हा घ्यावं लागतं, किंवा त्याच वेळी घशाचा स्वॅब पीसीआरला पाठवावा लागतो. नोरोव्हायरसचा संशय असेल तर शक्यतो पहिल्या दोन-तीन दिवसांत किमान पाच रुग्णांचं शौच घ्या. सगळ्यांची चाचणी करायची गरज नसते. विषाणू ठरला की बाकीचे रुग्ण लक्षणांवरून धरता येतात.

थोडं सीरम मात्र नेहमी राखून ठेवा. डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत काविळीची प्रचंड साथ आली. सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाल्याचा अंदाज आहे. यमुनेचं पाणी जिथून उचललं जायचं तिथे सांडपाणी शिरलं होतं. साथ पाण्यातून आली हे तेव्हाच कळलं, पण विषाणू कोणता ते नाही, आणि बरीच वर्षं ती हिपॅटायटिस ए समजली गेली. १९८० मध्ये साठवलेली सीरम तपासली तेव्हा तो हिपॅटायटिस ए नव्हता हे कळलं. आज ती साथ हिपॅटायटिस ईची मानली जाते. पंचवीस वर्षांनी उत्तर मिळालं, कारण कुणीतरी नळ्या नीट लेबल लावून जपल्या होत्या.

आलेखात काय वाचायचं

आडव्या अक्षावर लक्षणं सुरू झाल्याची वेळ, उभ्या अक्षावर रुग्ण. खांबांच्या रुंदीचा साधा ठोकताळा म्हणजे अधिशयन काळाचा, म्हणजे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षण दिसेपर्यंतच्या काळाचा, पाव ते एक तृतीयांश भाग. नोरोव्हायरसला १२ ते ४८ तास लागतात, तेव्हा खांब सहा-आठ तासांचे. हिपॅटायटिस ए ला १५ ते ५० दिवस, सरासरी २८, तेव्हा खांब आठवड्याचे. नोरोव्हायरसचा आलेख आठवड्यांच्या खांबांनी काढला तर एकच जाडजूड खांब दिसेल आणि त्यातून काहीही वाचता येणार नाही.

झपकन चढून उतरणारा एकच डोंगर दिसला तर बहुधा सगळ्यांना एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून लागण झाली. एका अधिशयन काळाच्या अंतराने वाढत जाणारी शिखरं दिसली तर माणसाकडून माणसाला. प्रत्यक्षात बरेचदा दोन्ही मिसळलेलं असतं: पहिला डोंगर जेवणाचा आणि त्यामागची लांब शेपटी एकाच खोलीत राहणाऱ्यांची. शेपटीतल्या रुग्णांना जेवणाच्या विश्लेषणात घेतलंत तर खरा दोषी पुसट होतो.

डोंगर एकच असेल तर उलटं मोजा. शिखरापासून सरासरी अधिशयन काळ मागे जा, आणि पहिल्या रुग्णापासून कमीत कमी अधिशयन काळ मागे जा. दोन्ही तारखा जिथे जवळ येतात त्या सुमारास काय घडलं ते शोधा. एखादा रुग्ण बाकीच्यांच्या कितीतरी आधीचा असेल, तर तो चूक समजून खोडू नका. तो स्वयंपाकघरात काम करणारा निघू शकतो.

प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत नोरोव्हायरस ओळखायला चार निकष हाताशी असतात: निम्म्याहून अधिक रुग्णांना उलट्या, सरासरी अधिशयन काळ २४ ते ४८ तास, आजाराची सरासरी मुदत १२ ते ६० तास, आणि शौचात रोगकारक जिवाणू न सापडणं. चारही जुळले तर निदान बहुधा बरोबर असतं. न जुळले म्हणून नोरोव्हायरस नाहीच, असं मात्र समजू नका.

कितींपैकी किती: एक गणित जवळून

एक कल्पित वसतिगृह घेऊ. २४० रहिवासी, ७८ आजारी. संशय दोन पदार्थांवर: कापलेली फळं आणि सूप. आजारी असलेल्या ७८ जणांना विचारलं. ६९ जणांनी फळं खाल्ली होती, ६६ जणांनी सूप घेतलं होतं. म्हणजे ८८ टक्के आणि ८५ टक्के. फक्त रुग्णांकडे पाहिलं तर दोन्ही पदार्थ सारखेच दोषी दिसतात, आणि पुष्कळ तपास इथेच थांबतात.

आता उरलेल्या १६२ निरोगी रहिवाशांनाही तेच प्रश्न विचारा. समजा, फळं खाणारे एकूण १५० निघाले, त्यांतले ६९ आजारी: ४६ टक्के. न खाणारे ९०, त्यांतले ९ आजारी: १० टक्के. ४६ भागिले १० म्हणजे सापेक्ष जोखीम ४.६. सूप घेणारे २०४, आजारी ६६: ३२ टक्के. न घेणारे ३६, आजारी १२: ३३ टक्के. भागाकार जवळपास १. सूप निर्दोष आहे. ते जवळजवळ सगळ्यांनीच घेतलं होतं, म्हणून रुग्णांच्या तोंडी आलं.

फळं न खाताही आजारी पडलेल्या नऊ जणांचं काय? त्यांच्यामुळे निष्कर्ष मोडत नाही, पण त्यांना सोडूनही देऊ नका. काहींनी दुसऱ्याच्या ताटातला तुकडा उचललेला असतो, काही विसरलेले असतात, काहींना खोलीतल्या आजारी सोबत्याकडून लागण झालेली असते. त्यांच्या लक्षणांची वेळ बघा. दीड दिवस उशिरा असेल तर शेवटचं कारण जवळपास नक्की.

छेद मिळतच नसेल, उदाहरणार्थ बाजारात येऊन गेलेली अनोळखी गर्दी, तर रुग्ण आणि नियंत्रण अशी तुलना करा. दर रुग्णामागे दोन ते चार निरोगी माणसं निवडा, अशी की तीच माणसं आजारी पडली असती तर तुमच्या यादीत आली असती. अशा अभ्यासात अटॅक रेट, म्हणजे एकूण लोकांपैकी किती टक्के आजारी पडले ते, काढता येत नाही, कारण निरोगी किती घ्यायचे ते तुम्ही ठरवलेलं असतं. तिथे ऑड्स रेशो काढा: रुग्णांत पदार्थ खाल्लेले भागिले न खाल्लेले, आणि त्याला निरोगींमधल्या त्याच भागाकाराने भागा. दोन्ही गटांना एकाच दिवसाबद्दल, त्याच शब्दांत, पदार्थांची यादी वाचून दाखवत विचारा. ‘काय खाल्लं होतंत?’ असं मोकळं विचारलं तर आजारी माणूस डोकं खाजवून आठवतो, निरोगी माणूस दोन पदार्थ सांगून मोकळा होतो, आणि खोटा फरक तयार होतो.

घरात किती पसरतो

विषाणूची पसरण्याची ताकद मोजायला घर ही सगळ्यात चांगली जागा, कारण कोण कुणाच्या सहवासात होतं ते तिथे ठाऊक असतं. समजा ५० घरं, प्रत्येकी पाच माणसं. प्रत्येक घरातला पहिला रुग्ण वगळला की उरतात २००. त्यांतल्या २० जणांना हा आजार पूर्वी होऊन गेला आहे, तेही वगळा. १८० पैकी ३६ आजारी पडले, तर दुय्यम अटॅक रेट, म्हणजे पहिल्या रुग्णाच्या सहवासातल्यांपैकी आजारी पडलेल्यांचं प्रमाण, २० टक्के. कुणी ५० पहिले रुग्ण धरून ८६ भागिले २५० केलं तर ३४ टक्के येतात. तेच घर, तोच विषाणू, आणि आकडा दीडपटीहून जास्त.

वेळेची अटही पाळा. घरातला दुसरा माणूस पहिल्याच्या पाठोपाठ काही तासांत आजारी पडला असेल, तर फ्लूसारख्या एक ते चार दिवस घेणाऱ्या आजारातही दोघांना बहुधा बाहेरून एकदमच लागण झाली. त्याला दुय्यम रुग्ण म्हणू नका.

तारखा काटेकोर असल्या की साध्या वहीवरही काय साधतं, ते १८४६ मध्ये फेरो बेटांवर दिसलं. गोवराची साथ आली तेव्हा डेन्मार्क सरकारने पीटर पानुम या तरुण डॉक्टरला तिकडे पाठवलं. सुमारे ७,८०० वस्तीपैकी ६,००० च्या वर लोक आजारी पडले होते. गावं एकमेकांपासून तुटलेली, त्यामुळे होडी कधी आली, कोण कुणाला भेटलं, हे लोकांना दिवसासकट आठवत होतं. त्यावरून पानुमने संपर्कानंतर १३-१४ दिवसांनी पुरळ उठतं हे दाखवलं. शिवाय १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेले जे म्हातारे हयात होते, त्यांना ६५ वर्षांनीही तो पुन्हा झाला नाही. विषाणू म्हणजे काय हे ठाऊक नसताना, न आजारी पडलेल्यांची नोंद ठेवल्यामुळे प्रतिकारशक्ती किती टिकते ते कळलं.

वेग आणि ‘आर’

रुग्ण १२ दिवसांत ४० वरून १६० झाले, तर दर सहा दिवसांनी दुप्पट. ०.६९ ला (२ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमला) ६ ने भागलं की रोजच्या वाढीचा दर ०.११५. एका रुग्णाच्या लक्षणांपासून त्याने लागण दिलेल्याच्या लक्षणांपर्यंत सरासरी पाच दिवस जात असतील, तर ‘आर’, म्हणजे एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा, साधारण १.६ ते १.८ येतो, नेमका आकडा कोणतं सूत्र धरता त्यावर अवलंबून आहे. म्हणून दशांशानंतर तीन आकडे लिहिणाऱ्या अहवालाकडे जरा संशयाने पाहावं. मोजणीसाठी शेवटचे काही दिवस सोडून द्या. त्या दिवशी आजारी पडलेले लोक अजून यादीत पोहोचलेलेच नसतात, आणि आलेख खोटाच उतरताना दिसतो. साथ ओसरल्याच्या घाईच्या घोषणा याच उतारावरून होतात.

कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या लोकसंख्येत गोवराचा आर १२ ते १८ धरतात. प्रसार थांबायला किती टक्के लोक सुरक्षित हवेत, याचं सूत्र एक वजा एक भागिले आर. म्हणजे ९२ ते ९४ टक्के. पण ही सरासरी आहे. ९५ टक्के लसीकरण झालेल्या जिल्ह्यात एखादी वस्ती ६० टक्क्यांवर असेल, तर साथ नेमकी तिथे पेटते.

सरासरीचा दुसरा धोका म्हणजे काही विषाणू मुळीच समान पसरत नाहीत. २००३ मध्ये सार्स या श्वसनाच्या आजाराच्या साथीत बहुतेक रुग्णांनी कुणालाही लागण दिली नाही, आणि हाँगकाँगच्या एका हॉटेलात राहिलेल्या एका रुग्णाकडून विषाणू अनेक देशांत गेला. असा प्रसार दिसला तर प्रत्येक रुग्णाचे संपर्क पुढे शोधण्याइतकंच, त्याला लागण कुठून झाली हे मागे शोधणंही फळतं. तो जिथे सापडला, तिथेच अजून दहा जण असण्याची शक्यता मोठी असते.

‘लस घेतलेलेही आजारी पडले’

हे वाक्य प्रत्येक तपासात ऐकू येतं, म्हणून गणित तयार ठेवा. हजार मुलं, ९०० लसवंत, १०० लस न घेतलेली. न घेतलेल्यांत ६० आजारी: ६० टक्के. घेतलेल्यांत २७ आजारी: ३ टक्के. ६० वजा ३, भागिले ६०, म्हणजे लसीची परिणामकारकता ९५ टक्के. तरीही एकूण ८७ रुग्णांपैकी २७, म्हणजे जवळपास तिघांतला एक, लसवंत आहे. लसीकरण वाढेल तसं हे प्रमाण वाढतच जाणार. सगळ्यांनीच लस घेतली तर शंभर टक्के रुग्ण लसवंत असतील. लसीची नोंद कार्डावरून घ्या, तोंडी सांगण्यावरून नाही. आणि लस घेऊन प्रतिकारशक्ती यायच्या आत आजारी पडलेल्यांचा वेगळा गट करा.

मृत्यूंचा हिशेब

साथ चालू असताना मृत्यू भागिले रुग्ण हा आकडा दोन्ही बाजूंनी फसवतो. आज दाखल झालेल्यांपैकी काही जण दोन आठवड्यांनी दगावतात, म्हणून तो कमी दिसतो. घरीच बरे झालेले सौम्य रुग्ण छेदात नसतात, म्हणून तो जास्त दिसतो. सार्समध्ये सुरुवातीला मृत्युदर चार टक्क्यांच्या आसपास सांगितला जात होता. शेवटी ८,०९८ रुग्णांमागे ७७४ मृत्यू, म्हणजे साडेनऊ टक्क्यांवर गेला. विषाणू बदलला नव्हता, रुग्णांचा निकाल लागायचा होता.

मोठ्या साथीत कारणनिहाय नोंदी अपुऱ्या पडतात. तेव्हा नेहमी अपेक्षित असलेले मृत्यू आणि प्रत्यक्ष झालेले मृत्यू यांतला फरक काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांसाठी जगभरातले असे अतिरिक्त मृत्यू सुमारे १ कोटी ४९ लाख काढले. कोविडचे म्हणून नोंदले गेलेले होते सुमारे ५४ लाख. अपेक्षित आकडा काढताना लोकसंख्येची वाढ आणि वयोरचना धरायला विसरू नका.

जनुकीय क्रमवारी कधी

जनुकीय क्रमवारी म्हणजे विषाणूच्या जनुकीय साखळीतली अक्षरं क्रमाने वाचणं. तिच्यात दोन रुग्णांचे विषाणू बरेच वेगळे निघाले तर त्यांच्यात थेट प्रसार झालेला नाही, हे ठामपणे सांगता येतं. उलट बाजू तेवढी भक्कम नाही. सार्स-कोव्ह-२ मध्ये (कोविडच्या विषाणूत) महिन्याला साधारण दोन बदल साचतात, त्यामुळे एकाच आठवड्यात शहरभर हुबेहूब विषाणू सापडू शकतात. तेव्हा क्रमवारी ही लाइन लिस्टच्या जोडीला वाचायची गोष्ट आहे. तारखा आणि जागा नसलेली क्रमवारी म्हणजे पत्ता नसलेलं पाकीट.

तपास चालू असतानाच करायचं

नोरोव्हायरसवर अल्कोहोलचं सॅनिटायझर नीट चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी लागतं. उलटी पडलेली जागा आधी पुसून घ्या, मग ५ टक्के ब्लीच असेल तर एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून ५,००० पीपीएमचं (दहा लाख भागांत ५,००० भाग) द्रावण लावा. घाणीवरच ओतलं तर क्लोरीन घाणीतच खर्ची पडतं. स्वयंपाक करणाऱ्याला लक्षणं थांबल्यावरही ४८ तास कामावर घेऊ नका. त्याचा पगार कापला जाणार असेल तर तो आजार लपवेल, हेही गृहीत धरा आणि व्यवस्थापनाशी आधीच बोला. संपर्कात आलेल्यांवर लक्ष ठेवायची मुदत शेवटच्या संपर्कापासून मोजा आणि ती जास्तीत जास्त अधिशयन काळाइतकी ठेवा, सरासरीइतकी नाही. इबोलात ती २१ दिवस असते.

साथ संपली असं जाहीर करायलाही असंच मोजमाप आहे. इबोलात शेवटच्या रुग्णाची चाचणी दुसऱ्यांदा निगेटिव्ह आल्यापासून ४२ दिवस, म्हणजे कमाल अधिशयन काळाच्या दुप्पट, एकही नवा रुग्ण सापडायला नको. या ४२ दिवसांतही संशयितांचे नमुने जात राहिले पाहिजेत. चाचण्या किती झाल्या हा रकाना अहवालात रुग्णसंख्येच्या शेजारीच ठेवा. शून्य रुग्ण लिहिलेत तर शून्य किती चाचण्यांमधून आलं, तेही त्याच ओळीत लिहा.